कुशाबाईंचा उजवा डोळा

वैजयंती रोकडेचं चष्म्याचं दुकान वारूळवाडीत, माझ्या घराच्या पुढच्या खोलीत आहे. खोली बघायला ती आली तेव्हा भाड्याचं तिने शेवटी विचारलं. आधी एका भिंतीपाशी खुर्ची ठेवून बसली, समोरच्या भिंतीकडे एकटक बघत राहिली आणि म्हणाली, "तक्ता लावायला अंतर पुरतंय." तेव्हापासून दुपारचा माझा बराच वेळ त्या दुकानातल्या बाकावर जातो. तपासणीची जागा आणि बाक यांच्यामध्ये नुसता कापडी पडदा असल्याने आतलं बोलणं बाहेर सगळं ऐकू येतं.

ती मूळची घोडेगावची. वडील पंचायत समितीत शिपाई होते. साहेबांच्या केबिनमधून बाहेर पडलेली डोंगराकडची माणसं एस.टी. सुटायच्या आत त्यांना गाठत आणि हळूच विचारत, "साहेब काय म्हणलं वं?" आत साहेबांपुढे हीच माणसं मान हलवून आलेली असत. वडील पाण्याचा ट्रे बाजूला ठेवून साहेबांचं बोलणं त्यांना सोपं करून सांगत. शाळा सुटल्यावर वैजयंती तिथेच बाकावर बसून गृहपाठ करायची, त्यामुळे हे तिने रोज पाहिलेलं आहे.

पुढे ती पुण्याला डोळे तपासण्याचं शिकली आणि एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरीला लागली. तिथे साखरेचा आजार असलेले एक गृहस्थ आले होते. डॉक्टरांनी त्यांना मागचा पडदा, रक्तवाहिन्या, इंजेक्शन असं सगळं नीट सांगितलं. त्यांनी मान हलवली, नमस्कार केला आणि निघून गेले. पुढच्या वर्षी आले ते मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. इतके दिवस का नाही आलात, असं वैजयंतीने विचारलं, तर म्हणाले, काही कळलं नव्हतं, पण एवढ्या मोठ्या माणसाला परत परत काय विचारायचं.

दुकान काढल्यावर तिने एक रीत पाडून घेतली. "समजलं का?" असं ती कुणालाही विचारत नाही, कारण त्याला सगळे होच म्हणतात. ती विचारते, "आता घरी गेल्यावर काय सांगणार? आधी मला सांगून बघा." मग कुणी अडखळतं, कुणी भलतंच सांगतं, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. उदाहरणं ती समोरच्याच्या घरातली, रानातली घेते. काचबिंदू म्हणजे ठिबकची नळी शेवटाला तुंबली आणि आत दाब वाढत गेला. साखरेने पडदा बिघडतो, म्हणजे जुनी पाइपलाइन जागोजाग पाझरायला लागते. आमच्या आळीतले गेणभाऊ एकदा बाकावरून ओरडले होते, "मॅडम, तुमी डोळं तपासताय का पाण्याची पाळी लावताय?" तेव्हा सगळे हसले होते, तीही हसली होती.

हे तिचं वागणं एका दिवशी कसोटीला लागलं, ती गोष्ट गेल्या माघातली. माझ्या रोजनिशीत त्या तारखेखाली पहिलीच नोंद आहे: वारा फार.

मीना नदीच्या पलीकडच्या मळ्यातल्या कुशाबाई त्यांच्या मुलाला, रामदासला घेऊन आल्या. साठी उलटलेली, जाड भिंगाचा चष्मा, चुरचुरीत बोलणं. डावा डोळा लहानपणी ज्वारीच्या धाटाचं टोक लागून गेलेला. उजव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं आणि पुढचं सगळं त्या एका डोळ्यावर चाललेलं होतं. घरात लग्न होतं. नात आरती, म्हणजे रामदासची पुतणी, हिला त्यांनीच लहानाची मोठी केली होती. उद्या हळद, परवा लग्न. त्याआधी नव्या काचा बसवून मिळतील का, एवढंच विचारायला त्या आल्या होत्या.

वैजयंतीने काय त्रास होतो म्हणून विचारलं.

"माणसं कापल्यागत दिसत्यात गं," कुशाबाई म्हणाल्या. "तोंड दिसतंय, खाली काळं. काल सकाळी काळं गुडघ्याएवढं व्हतं. आज कमरेला आलंय."

रामदासला त्यात विशेष वाटलं नव्हतं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर पुढे जाळी येते आणि लेसरने ती दोन मिनिटांत काढतात, हे त्याने एका शिबिरात ऐकलं होतं. ते बरोबरही होतं. लग्न उरकलं की आईला घेऊन जाऊ, तोवर नंबर तेवढा बघून द्या, असं तो म्हणाला.

आत तपासणी सुरू झाली. पडदा अर्धवट सरकलेला होता, म्हणून मला दिसलं. वैजयंतीने कुशाबाईंना आपल्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि आपलं बोट त्यांच्या पोटाच्या उंचीपासून हळूहळू वर आणायला सुरुवात केली. दिसलं की सांगा, म्हणाली. बोट छातीपर्यंत आलं, गळ्यापर्यंत आलं. कुशाबाईंना अजून दिसेना. बोट हनुवटीला लागायला आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हां, आत्ता."

मग तिने खिडकी लावून घेतली, हातात भिंग आणि बारीक उजेड घेऊन डोळ्यात बराच वेळ पाहिलं. आठ-पंधरा दिवसांत अंधारात वीज चमकल्यासारखं झालं का, काजळीचे कण तरंगल्यासारखे दिसले का, असं विचारलं. दोन्ही झालं होतं. लग्नाच्या कामाची जागरणं चालली होती, चुलीपुढे बसणं चाललं होतं, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

वैजयंती बाहेर आली आणि पुण्याच्या आपल्या जुन्या डॉक्टरांना फोन लावला. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण मोकळ्या हाताने तिने माझ्या बाकाची कड घट्ट धरली होती. "पडद्याचा वरचा भाग सुटलेला दिसतोय. मधला अजून जागेवर असावा, सर. मला तेवढंच दिसतं, पुढचं तुम्हीच बघा. नाही, दुसरा नाहीच. एकच डोळा आहे." डॉक्टरांनी ताबडतोब पाठवायला सांगितलं. पोटात अन्नपाणी नको, आणि गाडीत उताणं झोपवून आणा.

ती आत गेली आणि समजावून सांगायला लागली. या घरचं मोठं शेततळं आहे हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो, आपल्याला दिसतं ते त्याच्यावर. शेततळ्याला आतून प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो ना, तसा. तुमच्या त्या कागदाला वरच्या अंगाला चीर पडलीय. चिरेतून पाणी मागे शिरतंय आणि कागद भिंतीपासून सुटत चाललाय. डोळ्यात सगळं उलटं असतं. वरचा कागद सुटला की खालचं दिसेनासं होतं. जाळी वेगळी, हे वेगळं.

दोघं लक्ष देऊन ऐकत होती. कुशाबाईंनी मध्येच, पाणी कागदामागं गेलं की कागद फुगतो, असं आपणहून सांगितलंसुद्धा. मला वाटलं, काम झालं. मग वैजयंतीने नेहमीचा प्रश्न विचारला. घरी मालकांना काय सांगणार?

कुशाबाईंनी सगळं न चुकता सांगितलं. पडदा, चीर, मागे शिरलेलं पाणी. आणि शेवटी म्हणाल्या, "आता पाणी हाय तवर कागदाला हात लावायचा न्हाई. उन्हाळ्यात तळं आटलं, की मग चिकटवायचा."

"बराबर हाय," रामदास म्हणाला. "भरल्या तळ्यात कोण उतरतंय?"

दोघांच्याही तोंडावर सुटका झाल्यासारखं दिसलं. रामदास उठलासुद्धा. तळ्याचा कागद इकडे सगळे असाच जोडतात. चैत्र-वैशाखात पाणी तळाला गेलं की माणसं आत उतरतात. वैजयंतीने उदाहरण चांगलं दिलं होतं, त्यांनी ते पूर्ण समजून घेतलं होतं, आणि त्याच समजुतीवर कुशाबाई डोळा घालवून बसणार होत्या.

आंधळ्या व्हाल, एवढं तिने एकदा जोरात म्हणावं असं मला वाटलं. तिने तसं का म्हटलं नाही, ते नंतर मला समजावलं: घाबरलेला माणूस पुण्याला जात नाही, घरी जातो. तेव्हा मात्र ती रामदासला फक्त "बसा" म्हणाली. "चुकलं माझं. तळं सोडून द्या." मग तिने विचारलं, रानात काय केलंय.

टोमॅटो, रामदासने सांगितलं. मातीच्या उंच वाफ्यांवर, म्हणजे बेडवर, मल्चिंगचा प्लॅस्टिक कागद अंथरून रोपं लावलीत.

"वारा सुटलाय. कागदाच्या कडेला माती लावलीय का?"

उत्तर रामदासकडून हवं होतं. ते कुशाबाईंनी दिलं. "लावली व्हती, एक बेड सोडून. मागल्या हप्त्यात ह्यो शहाणा तेवढं टोक उघडं टाकून पत्रिका वाटायला गेला. माघारी येऊस्तवर कागद शेजाऱ्याच्या बाभळीवर."

"उचलायला लागल्यावर सगळा जायला किती वेळ लागला?"

"बघता बघता. मी बांधावर व्हते. येकदा वारं खाली शिरल्यावर काय ऱ्हातंय?"

"आणि टोक नुसतं फडफडत होतं तेव्हा घमेलंभर माती टाकली असती तर?"

"ऱ्हायला असता."

"रोपांचं काय झालं?"

"कागदासंगं उपटली. दुसरी लावली, पर ती धरंनात."

वैजयंतीने खुर्ची पुढे ओढली. बाहेर पत्रे वाजत होते, ती त्यांच्या वरून बोलली नाही, उलट आवाज उतरवला. "मावशी, तुमच्या डोळ्यातला कागद टोकाला उचललाय. मधली रोपं अजून उभी आहेत. माणसाचं तोंड ओळखायचं, सुईत दोरा ओवायचा, ते सगळं मधल्या भागावर चालतं. तो सुटला, की मग ऑपरेशन करून चिकटवला तरी पहिल्यासारखं दिसत नाही. तो आज सुटेल का परवा, मला सांगता येत नाही. कुणालाच सांगता येत नाही. काल काळं गुडघ्याला होतं, आज कमरेला आहे, एवढं तुम्हीच मला सांगितलंत."

या वेळी घरी काय सांगणार हे तिने विचारलं नाही. कुशाबाईंनी पदर सावरला आणि मुलाला म्हणाल्या, "गाडी काढ."

पण गाडी काढण्याआधी घरी फोन करणं भाग होतं. कुशाबाईंचे मालक नानासाहेब यांना विचारल्याशिवाय त्या घरात काही होत नाही. आधी वैजयंती बोलली. नानासाहेब सगळ्याला "हो मॅडम, बरोबर आहे मॅडम" म्हणत राहिले. तिने फोन रामदासकडे दिला, तेव्हा ते वेगळंच बोलले, असं रामदासने नंतर सांगितलं. उद्या देवक बसायचं आहे, घरात पाहुणे उतरलेत, घरची थोरली बाई अशी वेस ओलांडून गेली तर सोयरे काय म्हणतील, दोन दिवसांनी काय बिघडणार आहे. रामदास नुसता "हो आबा, हो आबा" करत राहिला. मान हलवण्याचा तोच प्रकार, फक्त फोनवर. वैजयंतीने त्याच्या हातातून फोन काढून घेतला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी बाकावरून उठले.

फोन कुशाबाईंनी घेतला.

"अवं, ऐका. कागद उचललाय. माती आता टाकायची, का लगीन लागल्यावर, तेवढं सांगा." पलीकडचं थोडं ऐकलं आणि पुन्हा म्हणाल्या, "आरतीला सांगा, आजी लग्नाला न्हाई. रडली तर रडू द्या. आजी आंधळी झाली तर तिला काय नांदायला जाताना संगं नेणार हाय?"

पलीकडून काय उत्तर आलं कुणास ठाऊक. त्यांनी फोन मुलाच्या हातात दिला आणि चप्पल पायानेच चाचपून घातली.

गाडीतली पुढची सीट मागे पाडून वैजयंतीने त्यांना स्वतः झोपवलं, डोक्याखाली माझी एक छोटी उशी दिली. चहा नाही, पाणी नाही, मध्ये कुठे थांबायचं नाही, हे रामदासकडून दोनदा म्हणवून घेतलं. गाडी गेल्यावर ती पुन्हा गिऱ्हाइकं बघायला लागली. एका शाळकरी मुलीचा नंबर तिने दोनदा तपासला, पुन्हा शंका आली म्हणून तिसऱ्यांदा तपासला.

तासाभराने तिने फोन लावला. गाडी एव्हाना राजगुरुनगरच्या पुढे असायला हवी होती. फोनमधून कपबशांचा आवाज आला. रामदास पेठला होता. पेठ वाटेवरच आहे, तिथल्या सोयऱ्यांना पत्रिका द्यायची राहिली होती, म्हणून तो पाचच मिनिटं उतरला होता. उंबऱ्यावरून परत कसं जायचं, म्हणून आत गेला. आत गेल्यावर त्यांनी शिरा केला.

वैजयंती आजवर कुणावर आवाज चढवताना मी ऐकलेली नाही. त्या वेळीही चढवला नाही. "आईंनी काही खाल्लं का?" एवढंच विचारलं. रामदासला माहीत नव्हतं. तिने फोन गाडीपाशी न्यायला सांगितला. तो नेईपर्यंत ती डोळे मिटून उभी होती. पोटात अन्न गेलं असतं तर भूल देता आली नसती, सगळं कित्येक तास पुढे गेलं असतं.

कुशाबाईंचा आवाज बारीक आला. "काच वर करून पडलीय मी. सोयरीण बशी घिऊन भाईर हुबी हाय. घ्या, घ्या म्हणून काचंवर टकटक करती. माझ्या लेकाला तेवढं गाडीत बसाया सांग, मंग आमी जातो."

त्या दिवशी संध्याकाळी पुण्याला पोचल्यावर तपासणी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी, इकडे मळ्यात हळद लागत होती तेव्हा, तिकडे त्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वैजयंतीला फोनवर सांगितलं की सुटलेला भाग मध्याच्या अगदी काठापर्यंत आला होता. मध्य वाचला की नाही, ते इतक्यात सांगता येणार नाही. डोळ्यात वायू भरलाय. तो पडदा दाबून धरतो, म्हणून कुशाबाईंनी डॉक्टर सांगतील तितके दिवस पालथं झोपायचं. नातीच्या मंगलाष्टका त्यांनी तशाच, उशीत तोंड घालून, रामदासच्या फोनवरून ऐकल्या.

लग्नानंतर नानासाहेब एकदा दुकानात आले. आत येईनात, पायरीपाशीच टोपी हातात घेऊन उभे राहिले. त्यांना एकच विचारायचं होतं. दिसेल ना?

वैजयंती म्हणाली, पडदा बसलाय. किती दिसेल ते वायू विरल्यावर कळेल. वायू आहे तोवर पाण्यातून बघितल्यासारखं दिसणार, त्याने घाबरायचं नाही.

"मॅडम, व्हय म्हणाया तुमचं काय जातंय?"

"माझं काही जात नाही, नाना. पण उद्या नाही दिसलं तर तुम्ही माझं पुढचं काहीच ऐकणार नाही. आणि पुढचंही तुम्हाला ऐकायला लागणार आहे. पडदा परत सुटू शकतो. पुन्हा चमकायला लागलं, पुन्हा काळं आलं, तर त्याच दिवशी निघायचं. घरात काहीही असो."

नानासाहेबांची मान सवयीने हलायला लागली होती, ती थांबली. "त्याच दिशी," ते म्हणाले. "लगीन असो का मयत असो." मग टोपी घालून गेले. ते गेल्यावर वैजयंती मला म्हणाली, हो म्हणून टाकावं असं आत्ता फार वाटलं होतं.

चैत्रात वायू विरला. कुशाबाई तपासायला पुण्याला जाऊन आल्या होत्या, पण चष्म्यासाठी इथेच यायचं हा त्यांचा हट्ट. बरोबर रामदास होता, आणि माहेरपणाला आलेली आरती होती. ती आजीला क्षणभर सोडत नव्हती. कुशाबाईंना अक्षरं येत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळा तक्ता आहे. त्यावर तीन दांड्यांची चिन्हं असतात, आणि दांड्या ज्या बाजूला तिकडे हाताने दाखवायचं असतं.

त्या दिवशी तपासणीच्या जागेचा पडदा कुणी ओढलाच नाही. आम्ही सगळे बघत होतो.

वरची ओळ त्यांनी पटापट दाखवली. दुसरीही. तिसऱ्या ओळीला हात जरा हळू झाला. चौथीला तो हवेत थांबला. वैजयंतीने काही सुचवलं नाही, ती नुसती तक्त्यापाशी काठी धरून उभी राहिली. मग हात डावीकडे गेला, वर गेला, पुन्हा डावीकडे गेला. बरोबर होतं. पाचव्या ओळीतली दोन त्यांनी ओळखली आणि तिथे हात मांडीवर ठेवला. "पुढं न्हाई," म्हणाल्या. "आणि ह्या वळी सरळ न्हाईत. वाकड्या दिसत्यात."

आरतीने तोंडाला रुमाल लावला. वैजयंतीने काठी खाली ठेवली आणि खरं ते सांगितलं. मध्य वाचलाय. काठाला थोडी सुरकुती राहिलीय, म्हणून ओळी वाकड्या दिसतात. ते थोडं कमी होईल, सगळं जाणार नाही. खालच्या अंगाला, पायाशी, अंधुक राहील. जिना उतरताना, बांधावरून चालताना जपायचं. स्वयंपाक होईल, माणसं ओळखू येतील, निवडणं-टिपणं होईल.

कुशाबाई ऐकत होत्या. मग त्यांनी आरतीचा फोन मागून घेतला आणि लग्नाचे फोटो डोळ्याच्या अगदी जवळ धरून एकेक पाहिले. बराच वेळ पाहिले. "ही कोण हिरव्या लुगड्यातली? लई म्होरं म्होरं करतीय," म्हणाल्या. आरतीने ती सासूची आत्या असल्याचं सांगितलं, तेव्हा म्हणाल्या, "दिसतंच हाय."

काचांचं माप देऊन झालं. निघताना रामदासने दंड धरला, तो त्यांनी झटकला. "सोड रं. नव्या नवरीगत धरतोस." त्या एकट्या पायऱ्या उतरायला लागल्या. शेवटच्या पायरीला पाऊल मध्येच थांबलं, खाली काही सापडेना. रामदास पुढे झाला, वैजयंतीने त्याला हाताने अडवलं. कुशाबाईंनी पावलाने कड चाचपली, ती सापडली, आणि मग त्या रस्त्यावर उतरल्या. गाडी सुरू होऊन दिसेनाशी होईपर्यंत वैजयंती दारातच उभी होती.